मदत हवी आहे: गेममध्ये एवढ्या जवळून शॉटगन मारूनही समोरचा मरत का नाही?

रात्रपाळी:
डोकं फिरलंय. समोरचा हात लावता येईल एवढा जवळ, रक्तही उडताना दिसतं, आणि पठ्ठ्या उभाच! मग निवांत हिपफायर करून (बंदूक डोळ्याला न लावता, कमरेवरूनच मारून) मला झोपवतो. सेन्सिटिव्हिटी बदलून झाली. शॉटगन नर्फ (मुद्दाम कमजोर) केली आहे का? लवकर सांगा, रात्री स्क्वॉड आहे.

कोपऱ्यातला:
गेम कोणता? बंदूक कोणती? समोरच्याचा वेस्ट (चिलखत) कितव्या लेव्हलचा? हे न सांगता आम्ही काय डोंबल सांगणार?

जज्जबुवा:
व्हॅलोरंट खेळा. तिथल्या शॉटगन बघा: बकीला ८५० क्रेडिट्स (गेममधले पैसे), जजला १८५०. शॉटगन हवी तर पैसे मोजा, म्हणजे कोणी रडत नाही.

रात्रपाळी:
बीजीएमआय हो, अजून काय! एस१२के शॉटगन. घरात शिरताना. वेस्ट बघायला वेळ कुठे मिळतो?

बॅटरी लो:
फोन कोणता? जायरो (फोन हलवून नेम धरणं) चालू करा. मी जायरोवर आल्यापासून क्लोज रेंजला कोणाचं ऐकत नाही.

कोपऱ्यातला:
जायरोचं विचारलंय कोणी? रात्रपाळी, ऐक. यात दोन गोष्टी आहेत. एका काडतुसातून ९ छर्रे सुटतात, ते पांगणारच. ते आवरायला नळीला लावायचा चोक असतो, पण तो एस६८६ आणि एस१८९७ या शॉटगनना बसतो, तुझ्या एस१२केला नाही. तुला डकबिल ही नळीची दुसरी जोडणी मिळेल, त्याने पसारा आडवा होतो. दुसरं हिपफायर. पळता पळता किंवा उडीत मारलंस की अख्खा पसाराच नेमापासून सरकतो. एडीएस केलंस (बंदूक डोळ्याला लावून नेम धरलास) तर तो जागेवर येतो, छर्रे मात्र तेवढेच पांगतात. आणि नेम डोक्यावर धरत असशील तर निम्मे छर्रे छताला. गळ्याखाली धर. लेव्हल ३ वेस्ट असेल तर अंगावरचं ५५ टक्के डॅमेज तोच खातो.

रानडुक्कर:
गेममधल्या शॉटगन म्हणजे थट्टा आहे. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर आहे. साध्या नळीतून छर्रे ढोबळमानाने यार्डाला एक इंच पांगतात. खोलीभर अंतरावर वळलेल्या मुठीएवढंच भोक पडतं. यांच्यात तेवढ्यात अख्खी भिंत रंगते.

जज्जबुवा:
अहो काका, खऱ्यासारखी केली तर लांबूनच सगळे मरतील. मग स्नायपर घेऊन भजी तळायची का?

रानडुक्कर:
काका कोणाला म्हणता? मीही गेममध्ये क्राउन रँकला आहे.

रात्रपाळी:
शिकार नंतर करा. एडीएसला वेळच मिळत नाही. आणि समोरचा तो यूएमपीवाला (छोटी मशीनगन) हिपफायरने एवढा सरळ कसा मारतो, ते कोणी सांगतच नाहीये.

कोपऱ्यातला:
हिपफायरचा नेम आवळणारी लेझर साइट लावली असणार, आणि बसून मारत असणार. यूएमपीची एखादी गोळी चुकली तर मागे रांग असते. तुझ्याकडे ५ काडतुसं, एक्स्टेंडेड मॅग (मोठं मॅगझिन) मिळालं तर ८. म्हणून घरात शिरू नकोस, तू दाराआड थांब आणि त्याला येऊ दे.

रात्रपाळी:
थांबलो तर स्क्वॉडवाले कॅम्पर (लपून बसणारा) म्हणून शिव्या घालतात.

बॅटरी लो:
जायरो लावा, खरंच.

कोपऱ्यातला:
पिंग (नेटचा उशीर) किती येतो? ते अजून सांगितलेलं नाहीस.