बहिणीचा होणारा नवरा गोड बोलून तिला आपल्या तालावर नाचवून राहिला असं वाटतं, काय करावं?

प्रतापनगरचा_दादा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज. लहान बहिणीचा साखरपुडा झालाय, लग्न उन्हाळ्यात आहे, हॉल बुक आहे, पत्रिका छापायला द्यायच्या आहेत. मुलगा नोकरीला चांगला, घरी आला की आईच्या पाया पडतो, बाबांना काका काका करतो, सगळे खूश. पण बहीण बदलून गेली आहे. मैत्रिणींसोबत फुटाळा तलावावर जाते म्हणाली तर तो 'जा ना' म्हणाला आणि मग फोनच उचलत नव्हता, हिने रडून सॉरी म्हटलं तेव्हा केक घेऊन हिच्या सदरच्या ऑफिसखाली हजर, 'तुझ्यावर जीव आहे म्हणून असं होतं.' हिची लहानपणची मैत्रीण हिच्या मागे काहीबाही बोलते असं यानेच सांगितलं, आता दोघींचं बोलणं बंद. काही विचारलं तर 'मी असं कधी म्हणालो, तुझ्या मनाचे खेळ आहेत'. मला सगळ्यात लागलं ते हे, की ती आता स्वतःच्याच चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवते, आपण खरंच काय बोललो ते नंतर तपासायला. नेटवर डार्क ट्रायड, मॅकियाव्हेलियन वगैरे वाचलं तर सगळंच जुळतं. हा तसा आहे का? बाबांना कसं सांगू?

सायकॉलॉजीवाली_नागपूर
दादा, एमए सायकॉलॉजी केलंय, तेवढ्याच अधिकाराने लिहिते. डार्क ट्रायड हे नाव पॉलहस आणि विल्यम्स या दोघांनी २००२ मध्ये दिलं. त्यात तीन गोष्टी येतात. नार्सिसिझम म्हणजे मला सगळ्यांनी मोठं म्हणावं ही भूक, सायकोपॅथी म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं आणि त्यात उतावळेपणा, आणि मॅकियाव्हेलियनिझम म्हणजे थंड डोक्याने माणसं वापरणं. हा शेवटचा प्रकार मोजायला क्रिस्टी आणि गाइस यांनी १९७० मध्ये २० वाक्यांची प्रश्नावली छापली, पण ती ज्याची त्याने भरायची असते, तुम्ही त्याच्या नावाने भरून काही कळणार नाही. हे गुण कमीजास्त प्रमाणात पुष्कळांत असतात आणि निदान करायला समोर बसून बोलणारा तज्ज्ञ लागतो. म्हणून तो 'तसा आहे का' हे सोडा, बहिणीचं काय होऊन राहिलं ते पाहा. स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा जाणं, मैत्रीण तुटणं, साध्या गोष्टीसाठी माफी मागणं, एवढं काळजी करायला पुरेसं आहे, त्याला कुठलंही लेबल नसलं तरी.

आणि तो केक. फर्स्टर आणि स्किनर यांचं १९५७ चं काम आहे, कबुतरांवरचं. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल आणि मग बंद झाला तर कबुतर लवकर थांबतं, पण दाणा कधी मिळतो कधी नाही असं असेल तर बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. अबोला आणि मधेच भरभरून प्रेम, याने माणूस असाच अडकतो. त्यामुळे 'एवढी शिकलेली पोरगी, तिला कळत नाही का' असं तिला कोणी म्हणू नका.

संत्राबर्फी_फॅन
भाऊ, माझं थोडं वेगळं मत आहे. आपल्या इकडे निम्म्या घरात राग आला की तोंड फुगवून बसतात, बोलून मोकळं व्हायचं कोणी शिकवलंच नाही, तो पोरगाही तसाच असू शकतो ना बाप्पा. काऊन एकदम व्हिलन करून राहिले त्याला? मैत्रिणीला आधी विचारा ती खरंच काही बोलली का. आणि बहिणीने त्याला एखाद्या गोष्टीला साधं 'नाही' म्हणून पाहावं. रुसला आणि मग बसून बोलला तर ठीक आहे, स्वभाव आहे. पण प्रत्येक 'नाही'ची किंमत वसूल करत असेल तर मग मीही म्हणेन की थांबा.

खामल्याची_ताई
बर्फीभाऊ, फक्त रुसणारा माणूस मैत्रिणी तोडत नाही हो. माझ्या पहिल्या लग्नात अगदी हेच क्रमाने झालं, आधी मैत्रिणी गेल्या, मग माहेरचे फोन स्पीकरवर, मग 'पगार माझ्या खात्यात येऊ दे, तुला हिशोब जमत नाही'. बाहेर सगळे म्हणायचे किती सोज्वळ जावई. घरातला आणि बाहेरचा माणूस इतका वेगळा असायचा की मी कोणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील असं वाटायचं, आणि काढलंही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात मारहाणच नाही तर मानसिक आणि पैशाचा छळही येतो, मला त्याचा उपयोग झाला, पण तो लग्नानंतरचा खटाटोप आहे दादा. हॉलचे पैसे बुडाले तर बुडू द्या. घरात कोणीतरी हे वाक्य तिच्यासमोर मोठ्याने म्हणायला पाहिजे, मला कोणी म्हटलं नव्हतं.

प्रतापनगरचा_दादा
ताई, वाचून गलबलून आलं. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणते ती काहीच बोलली नाही, उलट त्यानेच तिला सांगितलं होतं की माझ्या बहिणीला आता तुझी कटकट होते. म्हणजे दोन्हीकडे. आता सरळ त्यालाच घरी बोलावून विचारू का सगळ्यांसमोर?

सायकॉलॉजीवाली_नागपूर
नका बोलावू. सगळ्यांसमोर तो रडेल, माफी मागेल, आणि नंतर तिला म्हणेल की तुझ्या घरचे आपल्या विरोधात आहेत. बहिणीला त्या मैत्रिणीशी समोरासमोर भेटवा, तुम्ही मधे बसू नका, दोघींना बोलू द्या. त्याच्याबद्दल वाईट बोललात तर ती त्याची बाजू घेईल, त्यापेक्षा विचारा की तू स्क्रीनशॉट का काढतेस आणि मग गप्प राहून ऐका. 'नाही' म्हणून पाहायचं तर खऱ्याच गोष्टीला म्हणावं, मुद्दाम सापळा नको. बाबांना फक्त एवढंच मागा की पत्रिका सध्या थांबवा, कारण तिच्या तोंडून यायला वेळ लागतो. तिला घरच्यांशी बोलायचं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, मानसोपचाराची ओपीडीही आहे. पण नंबर तिच्याकडे द्या, तिच्या वतीने तुम्ही लावू नका.

खामल्याची_ताई
आणि पत्रिका थांबवल्याचं त्याला कळलं की तो कसा वागतो ते बहिणीला स्वतः पाहू द्या. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे मेसेज टाक म्हणा, मी आहे.