मुरमाच्या खाणीवर काय पेरायचं: स्टायलो-सुबाभूळ की आपला पवना-मारवेल?

डोंगरउतार, धुळे तालुका
महामार्गाच्या कामासाठी आमच्या गायरानातून मुरूम काढला. पोकलेन गेले, दोन एकरांचा पुरुषभर खोल खड्डा मागे राहिला. आता तिथे स्टायलो हा शेंगवर्गीय चारा, आणि सुबाभूळ, गिरिपुष्प ही झाडं, अशी सगळी बाहेरून आलेली वाणं पेरायचं घाटतंय. माझा या मिश्रणाला विरोध आहे.

परवा तासभर खाणीच्या काठावर बसलो होतो. न खणलेल्या पट्ट्यात आपली इथलीच गवतं: पवना, मारवेल, कुसळी, मधूनच रोशा. आत सगळं गाजरगवत. पण एका ठिकाणी ओघळाबरोबर काठावरची चार बोटं माती खाली सांडली होती, तिथे कुसळीचे तीन ठोंब धरलेत. कुणी पेरले नव्हते. कुसळीच्या बीला ओल लागली की शेपटाचा पीळ उलगडतो आणि टोक आपणहून जमिनीत शिरतं. असं बी शिवारात असताना बाहेरचं कशाला? सुबाभूळ तर एकदा माजला की दुसरं काही वर येऊ देत नाही.

माझं मिश्रण: पवना, मारवेल, कुसळी, आणि खडकात मूळ घालणारा आपला अंजन वृक्ष.

तापीकाठ, यावल
भाऊ, मी रोपवाटिका चालवतो. नुसत्या मुरमात नत्र जवळपास नसतंच. तुमचं गवत उगवेल आणि दुसऱ्या वर्षी पिवळं पडेल. स्टायलोच्या मुळांवर गाठी असतात, तो नत्र धरतो, शेळ्याही खातात. आणि पवन्याचं बी आणणार कुठून? हेक्टरी पाच-सहा किलो लागेल. कापसासारखं हलकं असतं ते, किलोभर जमवताना जीव जातो. सुबाभळीबद्दल तुमचं पटतं, ती काढा. स्टायलो मात्र ठेवा, फक्त बी गरम पाण्यातून काढून पेरा, कवच फार कठीण असतं.

मेंढवाडा, साक्री
माझा विरोध कुसळीला. पावसाळा सरताना ती लोकरीतून थेट कातडीत घुसते. गेल्या साली एका कोकराच्या ओठातून मी चिमट्याने सात कुसळं काढली. दोन दिवस ते आईला पीत नव्हतं. मारवेल पेरा, पवना पेरा, कुसळी न पेरताही येतेच. आणि चराईबंदी करणार असाल तर आमच्या मेंढरांनी कुठं जायचं, हे आधी बोला.

डोंगरउतार
दादा, कुसळी काढली. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बंदीचं तुम्हाला विचारूनच ठरवू.

तापीकाठ, नत्रासाठी पहिल्या पावसात ताग पेरू. फुलोऱ्यात कापून तिथेच अंथरायचा. ताग एका हंगामात संपतो, जागा अडवत नाही. स्टायलो दरवर्षी बी सांडत बसतो. गवताचं बी आम्ही दिवाळीच्या आसपास काठावरूनच कापू. ताजं बी नीट उगवत नाही, ते सुप्त असतं. जूनपर्यंत गोणीत ठेवायचं, मग ओल्या मातीत, शेणात कालवून फोकायचं आणि वर जेमतेम माती लोटायची. खोल गेलं की संपलं.

पांझराकाठ
बियांवरून भांडताय, पण माती कुठे आहे? वरचा थर बाजूला रचून ठेवायचा असतो, तो मुरमाबरोबरच भरावात गेला. ८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खाणकाम थांबल्यावर खाणपट्टेधारकाने स्वखर्चाने तिथे पुन्हा गवत लावावं, ही अट केंद्राने घालावी. मग गावाने पदरमोड का करायची? त्याच्याकडून निदान वीतभर माती मागा. बाकी राखण महत्त्वाची. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने जंगल राखूनच उभं केलं, त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री त्याच कामाची.

डोंगरउतार
मातीचं शंभर टक्के खरं, उद्याच अर्ज लिहितो. पण बारीपाड्यात जमिनीखाली जुनी मुळं, खोडं जिवंत होती, आणि तिकडे पाऊसही आमच्याहून जास्त. खाणीत खालून फुटायला मूळच उरलेलं नाही. इथे नुसती राखण केली तर गाजरगवतच राखलं जाईल.

तापीकाठ
ताग तळात मान्य, तिथे ओल टिकते. पण खाणीच्या उभ्या उतारावर आठ दिवस उघडीप पडली की ताग करपेल. तिथे आडवे चर काढा आणि चरांच्या कडेने स्टायलोच टाका. एवढ्यावर मी अजून ठाम आहे.