मदत हवी आहे: गड्ड्याला यायचंय, तिकीट मुंबईचं काढू की हैदराबादचं?

नमस्कार मंडळी. मी टोरांटोत राहते, माहेर सोलापूर. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, यायचंच आहे. आईला आता जिना चढवत नाही, पण मिरवणुकीतले नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) येणार म्हटलं की सकाळपासून ओट्यावर बसून असते. भाडं कमी पडावं म्हणून नाताळ उलटल्यावरच निघेन.

मुंबईला उतरून सिद्धेश्वर एक्सप्रेस धरू, की हैदराबादहून 300 किलोमीटर गाडीने येऊ? जाताना मुंबई, परतताना हैदराबाद असं एकाच तिकिटावर कुणी काढलंय का? दोन सुटी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मागच्या वेळी पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, अन् ते तिकीट पाण्यात गेलं. परतीच्या सामानात शेंगाचटणी, कडक भाकरी असतेच, त्यामुळे दोन बॅगा हव्यातच. अनुभव असेल तर प्लीज सांगा.