मदत हवी आहे: लोहाची गोळी आणि चहा यांची वेळ कशी बसवायची?

सासूबाई, वय ६२, मुक्काम सोलापूर. हिमोग्लोबिन ९.२, डॉक्टरांनी लोहाची गोळी रोज एक दिलीय. थायरॉईडची गोळी सकाळी ६ ला, उपाशीपोटी. ती आणि लोहाची गोळी यांत ४ तास अंतर हवं, म्हणजे १० च्या आत लोहाची गोळी नाहीच. मधुमेह नाही.

अडचण चहाची. दिवसाला पाच कप, तोही दहा मिनिटं उकळलेला कडक. त्यातला एक जेवल्या जेवल्या. चहातलं टॅनिन अन्नातलं आणि गोळीतलं लोह बांधून ठेवतं, म्हणून मध्ये एक-दोन तास जायला हवेत.

आतापर्यंत केलेलं: पाचाचे तीन कप झाले (७, ९ आणि ४ वाजता). पत्ती टाकून तीन मिनिटांत गॅस बंद. दूध बंद करून पाहिलं, पण टॅनिन पत्तीत असतं, त्यामुळे कोऱ्या चहाने हा प्रश्न सुटत नाही. "गुळाचा चहा घ्या, रक्त वाढतं" हे कृपया सुचवू नका. गुळातलं लोह थोडं, आणि तेही चहातच अडकतं.

१ वाजता ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाचटणी. त्यावर लिंबू पिळायला सुरुवात केलीय, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. गोळी ११ ला लिंबूपाण्यासोबत दिली तर मळमळतं. जेवणासोबत दिली तर मळमळ नाही, पण लोह कमी शोषलं जातं. रात्री ॲसिडिटी होते, म्हणून झोपताना नको.

डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात विचारणारच आहे. तोवर, ज्यांच्या घरी या दोन्ही गोळ्या चालू आहेत त्यांनी सांगा: ११ वाजताच्या गोळीआधी मळमळ थांबेल इतपत, पण लोह न अडवणारं काय खायला देता?