कृष्ण अय्यर: मंत्रिपदावरून थेट सुप्रीम कोर्टात?

प्रश्न

न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळचे मंत्री होते आणि तिथून थेट सुप्रीम कोर्टात गेले, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरं का? आमदार, मंत्री राहिलेल्या माणसाला न्यायाधीश करायला घटनेची आडकाठी नाही? टिपणांसाठी वर्षांसकट क्रम हवा आहे.

उत्तर: कलम२१७

'थेट' हा शब्द आधी खोडा. १९५२ला ते मद्रास विधानसभेत गेले, कारण मलबार तेव्हा मद्रास राज्यात होता. १९५७ला तलश्शेरीतून कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर पण अपक्ष निवडून आले (टिपणांत 'कम्युनिस्ट आमदार' लिहितात, ते चूक) आणि नंबूदिरिपाद मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती आली. ३१ जुलै १९५९ला केंद्रानं सरकार बरखास्त केलं, ते परत वकिलीत. १९६५ची निवडणूक हरले. १९६८ला केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश, १९७१ ते ७३ विधी आयोगाचे सदस्य, १७ जुलै १९७३ला सुप्रीम कोर्ट. १४ नोव्हेंबर १९८०ला वयाची ६५ वर्षं भरल्यावर निवृत्त. म्हणजे मंत्रिपद आणि सुप्रीम कोर्ट यांच्यात १४ वर्षं आहेत.

आडकाठी नाही. हायकोर्टासाठी कलम २१७(२) बघा: भारताचं नागरिकत्व आणि १० वर्षं न्यायिक पद किंवा हायकोर्टातली वकिली. राजकारणाचा त्यात उल्लेखच नाही. तेव्हा कॉलेजियमही (न्यायाधीशांची नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ) नव्हतं, नेमणुकीत सरकारचा शब्द शेवटचा. त्यामुळे संशय आलाच. मुंबईच्या काही वकिलांनी त्यांच्या सुप्रीम कोर्टातल्या नेमणुकीला विरोध केला होता. त्यांतल्या सोली सोराबजींनी पुढे आपलं चुकल्याचं मोकळेपणानं मान्य केलं.

उत्तर: जुनी_फाईल

उलट दिशेचं उदाहरणही टिपणात घ्या. बहारुल इस्लाम १९७२ला राज्यसभा सोडून गुवाहाटी हायकोर्टात गेले, १९८०ला तिथून निवृत्त होऊन त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात आले आणि जानेवारी १९८३ला राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसच्या राजकारणात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. आधीच्या राजकारणापेक्षा नंतरचं जास्त घातक, कारण मग आधीच्या प्रत्येक निकालावर शंका येते.

२४ जून १९७५चा आदेशही नीट लिहा. अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द केली होती, त्या निकालाला स्थगिती द्यायची का, हा प्रश्न होता. 'इंदिरा गांधींना स्थगिती दिली' आणि 'नाकारली' दोन्ही अर्धवट आहे. इंदिरा गांधींचे वकील पालखीवालांनी बिनशर्त स्थगिती मागितली होती. सुट्टीतले न्यायाधीश म्हणून एकट्या बसलेल्या कृष्ण अय्यरांनी सशर्त दिली: पंतप्रधान राहता येईल, लोकसभेत हजर राहता, बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान नाही आणि मानधन नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

उत्तर: कलम२१७

तुरुंग खातं सांभाळलेला माणूस न्यायासनावर काय बघतो, त्यासाठी 'एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७८) वाचा. मुंबई हायकोर्टानं वाढवलेली ३ वर्षांची शिक्षा त्या माणसानं पूर्ण भोगली, मग चार वर्षांहून उशिरा सुप्रीम कोर्टात अर्ज केला. निकालाची प्रत हायकोर्टानं येरवड्याच्या अधीक्षकांकडे वेळेत पाठवली होती. ती आपल्याला मिळालीच नाही, असं कैद्याचं म्हणणं, आणि मिळाल्याची सही कुठे नव्हती. त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण कृष्ण अय्यरांनी नेमकी ती जागा धरली: शिक्षेच्या निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट, तुरुंगामार्फत दिली तर कैद्याची लेखी पोच, अपिलासाठी लागणाऱ्या सोयी तुरुंगानं पुरवायच्या, ऐपत नसेल तर कोर्टानं वकील नेमायचा आणि त्याचा खर्च राज्यानं द्यायचा.

कलम २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणि ३९अ (मोफत कायदेशीर मदत) एकत्र लिहिताना हा खटला तारखेसह द्या, १७ ऑगस्ट १९७८. कच्च्या कैद्यांबद्दलचा हुसैनारा खातून खटल्याचा निकाल त्यानंतरचा आहे, आणि तो न्या. भगवतींचा.