मदत हवी आहे: अप्पांसाठी हळदीचं दूध करतोय, रोज फाटतंय

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, वडगावला राहतो. पंधरा दिवस झाले एकाच गोष्टीवर अडलोय म्हणून इथं विचारतोय, काही जणांना किरकोळ वाटेल पण मला खरंच उत्तर पाहिजे.

आमचे अप्पा ७४ वर्षांचे. सगळा जन्म मागावर गेला, आधी हातमाग मग पावरलूम, त्या कापसाच्या धुळीतच. आता पावसाळा लागला की खोकला धरतो तो दिवाळीपर्यंत सोडत नाही. आणि आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे की, एकदा झड लागली की आठ आठ दिवस कपडे वाळत नाहीत, घरात नुसता ओलावा. छातीच्या डॉक्टरांना दाखवलंय, श्वासाचा पंप चालू आहे, औषध बंद करून घरगुती काही करायचं असा अजिबात विचार नाही हे आधीच सांगतो. पण रात्री काहीतरी गरम पोटात गेलं की त्यांचा घसा शेकतो, बरं वाटतं, आणि मागच्या महिन्यात दोनदा म्हणाले की आज्जी करायची तसं हळदीचं दूध कुणी करत नाही आता. अप्पा स्वतःहून कधी काही मागत नाहीत, अगदी औषध संपलं तरी सांगत नाहीत, त्यामुळं हे मनाला लागलंय.

आज्जी जाऊन वीस वर्षं झाली, आईपण नाही, विचारायचं कुणाला. मला एवढंच आठवतंय की चूल विझवायच्या वेळेला निखाऱ्यावर भगुलं असायचं, खलबत्त्यात काहीतरी कुटल्याचा आवाज यायचा आणि जायफळाचा वास. बाकी काही नाही.

मी काय करतो ते सांगतो. सकाळी गवळी म्हशीचं दूध घालून जातो, त्यातलंच रात्रीला ठेवतो. अर्धा लिटर दूध गॅसवर ठेवायचं, त्यात आलं किसून टाकायचं, एक चमचा हळद, गुळाचा खडा, आणि उकळी आणायची. उकळी यायच्या आधीच दूध फाटतं. रव्यासारखे कण होतात आणि पिवळं पाणी वेगळं. एकदा पिशवीचं दूध आणून बघितलं, तेच. एकदा गूळ कमी घातला, तरी तेच. जे काय होतं ते गाळून देतो आणि अप्पा काही न बोलता पितात, मला कळतं की चांगलं लागलेलं नाही. कच्च्या हळदीचा उग्र वास येतो, घशाला कडवट लागतं, आणि पेल्याच्या तळाला चिखलासारखा थर बसतो.

तर कृपा करून सांगा, फाटतंय कशानं, हळद नक्की किती घालायची, मिरी घातलीच पाहिजे असं सगळे म्हणतात ते खरं का? पाकिटातली हळद आणलीय तिचा रंग फारच भडक आहे, पेला घासूनपण निघत नाही, ती बदलू का? आणि एक महत्त्वाचं, दोन वर्षांपूर्वी अप्पांना हृदयात स्टेंट घातलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्यांना हे चालतं ना? शेजारच्या कन्नड मावशी म्हणाल्या की अरिशिन हालु, म्हणजे हळदीचं दूध, आम्ही बाळंतिणीलापण देतो, घाबरू नकोस, पण तरी विचारलेलं बरं.

खानापूरची लेक:
दादा, तुमचं दूध आल्यानं फाटतंय, गुळाकडं नंतर बघू. कच्च्या आल्यात दूध गोठवणारा अंश असतो, चिकाच्या दुधासारखं करून टाकतो. आणि थंड दुधात किसून हळूहळू तापवलं की त्याला काम करायला पुरेपूर वेळ मिळतो. आलं घालायचंच असेल तर आधी वाटीभर पाण्यात पाच मिनिटं चांगलं खळखळ उकळा, मग ते पाणी गाळून उकळत्या दुधात घाला, उकळलं की तो अंश मरतो. पण माझं ऐका, आलं सोडाच, सुंठ घाला. आमच्याकडं रात्रीच्या दुधात सुंठच असायची, आज्जीच्या खलबत्त्यातपण बहुतेक तीच असणार, पावसाळ्यात ओलं आलं कुठं टिकतंय.

आता गूळ. गुळात थोडा आंबटपणा असतोच, जुना पाघळलेला असला तर जास्त. उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. गॅस बंद करा, पेल्यात ओता, पिता येईल इतपत निवलं की मग किसलेला गूळ घालून ढवळा. आणि सकाळचं दूध तुम्ही रात्रीपर्यंत कुठं ठेवता? ह्या दमट हवेत बाहेर राहिलं तर नुसतं बघून कळत नाही पण आंबायला लागलेलं असतं, मग जरा काही निमित्त झालं की फाटतं. आल्याआल्या तापवा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

कडवट लागतं कारण हळद फार होतेय. एका पेल्याला पाव चमचा बास. ती थेट दुधात भुरभुरवायची नाही, अर्धा चमचा तुपात मंद आचेवर क्षणभर परतायची, वास बदलला की लगेच त्यावर दूध ओतायचं. जळू देऊ नका, जळली की अजून कडू. मग पाच-सात मिनिटं बारीक आचेवर उकळत ठेवा, कच्चेपणा जातो.

रायबागचा शेतकरी:
आमच्या शेतात हळद असते म्हणून लिहितोय. अक्षय तृतीयेच्या पुढं लावण, नऊ महिने रानात, मग काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि पॉलिश करून सांगलीच्या बाजारात न्यायची. चिकोडी, रायबाग, अथणी ह्या भागातली बरीच हळद तिकडंच जाते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या खास मालाचं, मानांकन मिळालं.

दादा, पाकीट सोडा आणि हळकुंड आणा. रविवार पेठेत भुसारी दुकानात मिळतं. मोडून बघा, कट्ट असा आवाज झाला पाहिजे आणि आत गर्द नारिंगी पिवळं दिसलं पाहिजे. वरून फार चकचकीत पिवळं धमक दिसलं तर घेऊ नका, काही ठिकाणी रंग चढवतात, आणि त्यात लेड क्रोमेट असलं तर शिसं पोटात जातं, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोरांना ते फार वाईट. घरातल्या पुडीची साधी परीक्षा, काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चमचाभर हळद सोडा आणि न हलवता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. भेसळीची असली तर पाणी भडक पिवळं होतं. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून मग मिक्सरला लावा आणि वस्त्रगाळ करा, तळाचा चिखल बराच कमी होईल. अख्खं मिक्सरला टाकू नका, पातं जातं.

निपाणीची नर्स:
दादा, गोळीबद्दल आधी. स्वयंपाकाइतकी हळद, म्हणजे पाव चमचा, सहसा अडचण करत नाही. पण हळदीत रक्त पातळ करायचा थोडा गुण असतो, म्हणून रोज द्यायचं ठरवलंय तर पुढच्या तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचाराच. एकापेक्षा जास्त गोळ्या असतील तर आधी फोन करून विचारा. अंगावर निळे डाग, हिरड्यातून रक्त, काळी शी असं काही दिसलं तर दूध बंद आणि लगेच दवाखाना. पित्ताशयात खडे असले तरी विचारून घ्या. आणि बाजारात कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या अंशाच्या, कॅप्सूल मिळतात त्या त्यांना अजिबात देऊ नका, त्या वेगळ्याच मात्रेच्या असतात, काही जणांच्या लिव्हरला त्यांनी त्रास झालेला आहे.

मिरीचं म्हणाल तर १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये अभ्यास झाला होता, २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन म्हणजे मिरीतला तिखट अंश दिला तर माणसाच्या अंगात कर्क्युमिन वीसपट शोषलं गेलं. सगळीकडं फिरतं ते ह्यावरूनच. पण हिशोब बघा, हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे पाव चमच्यात वीसेक मिलिग्रॅम, त्या अभ्यासाच्या शंभराव्या हिश्शाच्या जवळपास. म्हणून मिरी दोन दाणे कुटून घाला, चवीला छान, घशाला ऊब देते, पण दुधानं खोकला बरा होईल अशी आशा धरू नका आणि पंप चुकवू नका.

अजून एक, दूध पिऊन लगेच आडवं होऊ देऊ नका. पोटातलं वर येऊन रात्रीचा खोकला वाढतो. जेवणानंतर थोड्या वेळानं द्या आणि तासभर बसू दे त्यांना. शुगर असेल तर गूळपण नको.

मूळ धागा लिहिणारा, सहा दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. शुगर नाही, गोळी एकच आहे, डॉक्टरांना फोन केला होता, एवढी हळद चालेल म्हणाले, खडे नाहीत.

आता दूध फाटत नाही! ताई, तुमचंच खरं, आलंच होतं. खात्री करायची म्हणून एक दिवस अर्ध्या पेल्यात मुद्दाम कच्चं आलं घालून बघितलं, गूळ नव्हता तरी कण झाले. पाकिटाच्या हळदीनं पाणी भडक झालं, ती टाकून दिली. रविवार पेठेतून पावशेर हळकुंडं आणली, आज्जीचा खलबत्ता माळ्यावरून काढला. सध्या असं करतो, एक पेला दूध, पाव चमचा हळद तुपात परतून, मिरीचे दोन दाणे, चिमूटभर सुंठ, गूळ शेवटी पेल्यात. अप्पा साडेआठला पितात, मग बातम्या बघत बसतात. खोकला आहे तेवढाच आहे, पण परवा पेला खाली ठेवून म्हणाले, "जायफळ राहिलं की रे."

म्हणजे चव बरोबर येऊलीय असं मी समजतो. तर ताई, जायफळ किती घालायचं तेवढं सांगा, काल किसून घातलं तर तेच पुढं पुढं करायला लागलं.

खानापूरची लेक:
किसू नका दादा. सहाणेवर दूध घालून दोन वेढे उगाळा, तेवढंच बोटानं पुसून पेल्यात.