कुऱ्हाडीचा सैल दांडा आणि पाण्याचा उपाय

दांडा सैल झाल्यास कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, हा नेहमी सुचवला जाणारा उपाय तेवढ्या दिवसापुरताच खरा आहे. पाण्याने फुगलेले लाकूड लोखंडी नेढ्यात (पात्याच्या भोकात) दाबले जाते, त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही ढिला होतो. आमच्या गुहागरकडच्या दमट हवेत हे ध्यानात यायला उशीर लागतो, कारण पावसाळाभर दांडा आपोआपच घट्ट असतो आणि नेमका लाकडे फोडण्याच्या हंगामात, फाल्गुन-चैत्रात, हलू लागतो. मी एकदा श्रावणात ओलसर लाकडाचा दांडा बसवला होता. होळीच्या सुमारास घाव घालताना पाते निसटून मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) आदळले. सुदैवाने मागे कोणी नव्हते.

तेव्हापासून वर्षभर सावलीत वाळवलेलेच लाकूड घेतो, दांडा उन्हाळ्यात बसवतो आणि वरून सुक्या लाकडाची पाचर ठोकतो. दांड्याला जवसाचे तेल चोळावे, ते लाकडात मुरून सुकते. खोबरेल (जे आपल्याकडे सगळ्यालाच चोपडले जाते) सुकत नाही, त्यामुळे मूठ निसरडी राहते. खाऱ्या हवेत गंजणाऱ्या पात्यासाठी मात्र ते चालते.